बार होताच उठायचं

आमच्या घरात एक शिरस्ता होता. बंदुकीचा बार झाला की सगळ्यांनी भुईवर आडवं व्हायचं. हातात भाकरी असो, दुधाची चरवी असो, नाहीतर कालच जन्मलेलं कोकरू असो, ते बाजूला ठेवायचं आणि पोटावर पडायचं. तोंड मातीकडे, दोन्ही हात डोक्यावर. मायनं सांगितल्याशिवाय मान वर करायची नाही. मग उठायचं, अंगावरची माती झटकायची आणि भाकरी जिथं सोडली तिथून पुढं खायला लागायचं. माय, भिवादादा आणि मी, आम्ही तिघं हे इतक्या सवयीनं करायचो की यात काही वेगळं आहे हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळलं नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करत असतील. आता बीडला माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर पोलीसभरतीची पोरं पहाटे पळतात आणि त्यांचा शिकवणारा शिट्टी फुंकतो. चहाचा कप घेऊन मी गच्चीत उभी असते. शिट्टी वाजली की पोरं सुटतात, आणि मी मात्र अजून हातातला कप आधी कठड्यावर ठेवते. ऐंशी ओलांडल्यावर कशानं काय आठवावं याला काही धरबंध राहत नाही.

आम्ही धनगर. चकलांब्याच्या शिवारात आमचं बिऱ्हाड या रानातून त्या रानात फिरायचं. जवारी निघाली की शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलवायचे. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं आणि त्याबदल्यात आम्हाला धान्य. माय तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायला बसली की त्या थापांच्या आवाजानं मी जागी व्हायची. पलीकडे वाघरीच्या जाळीत मेंढ्यांचं बें बें सुरू असायचं, कुत्रं उगाचच एक फेरी मारून यायचं. हुलग्याचं माडगं, वर मेंढीच्या दुधाची धार, ठेचा आणि गरम भाकरी. पुढं मी शिकले, शाळेत शिकवायला लागले, शहरातल्या खाणावळींत आणि लग्नांत पुष्कळ काय काय खाल्लं, पण त्या माडग्याची चव कशाला आली नाही. म्हाताऱ्या माणसांना असं वाटतंच म्हणा.

बार व्हायचे ते शेजारच्या पाटलांच्या रानातून. त्यांच्या उभ्या जवारीत रानडुकरं शिरायची, म्हणून राखणीला चाँदभाई होता, आणि त्याच्याकडे पाटलांची ठासणीची बंदूक होती. आम्ही आडवं होतो हे त्यानं एकदा बांधावरून पाहिलं होतं. तेव्हापासून बार काढायच्या आधी तो तोंडाशी हात धरून ओरडायचा, "भाबी, बार काढतो!" म्हणजे मायनं हातातली चरवी खाली ठेवावी, दूध सांडू नये. का आडव्या होता, असं त्यानं कधी विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं.

निजामाचं राज्य जाता जाता आमच्याकडे जी धामधूम झाली, तिच्यात माझे आबा गेले. आम्ही गोदेच्या अंगाला मेंढ्या घेऊन गेलतो. कुठून तरी बार झाले. मायनं आम्हा दोघांना ओढून खाली पाडलं आणि आमच्यावर पालथी पडली. मेंढ्या उधळल्या. आबा मेंढ्यांच्या मागं पळाले. ते लई पळायचे, लांडग्याच्या तोंडातून कोकरू सोडवून आणायचे, आणि पळणं हा त्यांच्या अंगचा गुणच होता. मायच्या काखेतून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि मग ती दिसेनाशी झाली. कुणाची गोळी, कुणावर झाडलेली, हे आजवर कळलेलं नाही. मायनं त्यातून एवढंच घेतलं की जो पडून राहिला तो वाचला आणि जो पळाला तो गेला. तिनं आम्हाला दुसरं काही शिकवलं नाही, पण हे मात्र पक्कं शिकवलं.

आणि भिवादादाला पाय आले ते नेमके आबांचे. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या आधी पळायची शर्यत असायची. कुणीतरी रुमाल खाली टाकायचा आणि पोरं सुटायची. दादानं ती अशी जिंकली की त्याच्या मागचा गडी अजून निम्म्यात होता. कुस्त्यांचे पंच म्हणून बीडहून वामन मास्तर आले होते. शाळेत कवायत शिकवायचे. बारीक अंगाचे, सदा सुपारी कातरणारे. दादाला पळताना पाहून त्यांनी अडकित्ता खिशात घातला तो दिवसभर काढला नाही म्हणे. त्यांनी दादाला बीडला नेलं, तिथून हैदराबादला. तिथं दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटून शर्यत सोडत. दादा फळ्यांना सुटला आणि सगळ्यांच्या पुढं गेला. त्या वर्षी दिल्लीत देशोदेशींच्या खेळाडूंच्या शर्यती भरणार होत्या. दादाला तिथल्या सरावाला बोलावणं आलं. गावात हलगी वाजली. मायनं मास्तरांना खरवस करून घातला. दिल्ली कुठं आहे ते आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण गावातल्या बायका मायला विचारायच्या आणि माय हात उंच करून उत्तरेकडे दाखवायची.

थोड्याच दिवसांत मास्तर दादाला घेऊन परत आले. दादा सरळ मेंढ्यांत जाऊन बसला. मास्तर चुलीपाशी टेकले, अडकित्ता काढला, पण सुपारी काही कातरेनात.

"बाई," ते म्हणाले, "तिथं पिस्तुलाचा बार काढून शर्यत सोडत्यात."

मायच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

"आदी पोरांना ओणवं बसवत्यात, हात भुईला टेकवून. मग बार. समदी पोरं पळाली, आन् आपला गडी पोटावर. हात डोक्यावर. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. लोक हसायला लागले हो." मास्तर हातातली सुपारी नुसती फिरवत होते. "वरचे साहेब म्हनले, फळ्यांना हा पोरगा कुनाला ऐकत न्हाई, सोडवत न्हाई ह्याला. घरी न्या. बाराला उठला तर परत आना, न्हाई तर तिकडंच ऱ्हाऊ द्या."

आता विचार केला की मला त्या ओणवं बसण्याचं हसूही येतं. माणसाला निम्मं खाली आणून ठेवायचं आणि वर बार काढायचा. उरलेलं निम्मं दादा आपसूक जाणारच. पण तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

माय म्हणाली, "उटला की मरतंय मानूस, मास्तर."

मास्तरांनी अडकित्ता खिशात घातला. पण ते गेलेही नाहीत. शाळेची रजा काढून ते पाटलांच्या ओसरीवर राहिले आणि रोज सकाळी मेंढ्या बसून उठलेल्या मोकळ्या रानात दादाचा सराव सुरू झाला. खुरप्यानं दोन खळगे केले, त्यात पायाची बोटं रोवायची. मास्तरांनी आधी परात वाजवली. दादा सुटला. मग दगडावर दगड आपटला. सुटला. शेवटी चाँदभाईला बोलावलं. चाँदभाईनं नुसती दारू ठासली, छर्रा घातला नाही, ते दादाला दोनदा दाखवलं, नळीत बोट घालून दाखवलं. दादानं मान डोलावली. बार झाला, आणि दादा पालथा.

दिवसामागून दिवस हेच. दादाच्या कोपरांची सालं निघाली होती. तो कुणाशी बोलत नव्हता, जेवणावरून अर्ध्यात उठायचा. मास्तर आधी समजूत घालायचे, मग चिडायचे, मग पुन्हा समजूत घालायचे. एकदा त्यांनी त्याला हातानं धरून ठेवलं, तर बार होताच दादानं त्यांनाही बरोबर खाली घेतलं. मास्तर धुळीत पडले ते तसेच पडून राहिले आणि पडल्या पडल्या त्यांना पलीकडे चुलीपाशी आडवी झालेली माय दिसली, आणि माझे पाय दिसले. म्हणजे त्या रानात बार झाल्यावर उभा फक्त चाँदभाई. मास्तर उठून बसले आणि तसेच मायकडे आले.

"बाई, तुमी कावून आडव्या होता?"

"बार झाला म्हनून."

"आवो, तो चाँदभाईचा बार हाय. त्यात गोळीबी न्हाई."

"बाराला काय ठावं, कुनावर जायचं ते?"

"तुमी उटल्याबिगर हा उटायचा न्हाई," मास्तर म्हणाले. "लेकरू तुमच्याकडं बगून पडतंय."

मायनं तवा चुलीवर घातला आणि दिवसभर तिनं मास्तरांकडे पाहिलं नाही. मला तिचा राग आला होता आणि मास्तरांचाही. तिनं आम्हाला जिवंत ठेवलं ते याच एका गोष्टीनं, आणि आता ती तिनंच मोडायची?

संध्याकाळी मी दादाबरोबर मेंढ्या जाळीत कोंडत होते. तो कोकरू उचलता उचलता थांबला. "सगे," तो मला म्हणाला, "माझे पाय उटत्यात गं. पर पाठ न्हाई उटत."

"मग नको जाऊ दिल्लीला. ऱ्हा हितंच."

"मला पळायचंय." तो रडत होता, आणि आबा गेल्यापासून मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "आबा मेंढ्यांसाठी भिऊन पळाले. मला भ्यावाबिगर पळायचंय. येकदा तरी. मग काय व्हायचं ते होऊ."

माय जाळीच्या पलीकडे होती. तिच्या कमरेवर घागर होती. तिनं ऐकलं. ती चुलीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर येण्याच्या आधी माय रानात गेली. जिथं दादानं पळून पोचायचं, तिथं ती जाऊन उभी राहिली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर खोचलेला. दादा खळग्यांत बोटं रोवून ओणवा बसला. त्याला समोर पाहिलं की मायचे पाय दिसत होते. चाँदभाईनं बंदूक खांद्याला लावली आणि पुन्हा खाली घेतली. तोंडाशी हात धरून तो ओरडला, "भाबी, बार काढतो!"

"काडा," माय म्हणाली.

मी बांधापाशी होते. बार झाला आणि मी पडले, माझं मला कळलंच नाही. पण या वेळी मी मान वर केली. माय उभी होती. डोळे गच्च मिटलेले, सुटलेला पदर दोन्ही मुठींत. तिचं लुगडं ओलं झालं होतं, पायावरून पाणी ओघळत होतं, पण ती उभी होती. दादाही पडला होता. त्यानं डोक्यावरचे हात काढले. समोर पाहिलं. मग तो उठला, आधी लहान लेकरासारखा दोन हातांवर, मग पायांवर, आणि मायकडे पळत सुटला. ती शर्यत कुणी जिंकली नसती, इतका त्याला उशीर झाला होता. पण तो उठला होता. चाँदभाई मटकन खाली बसला. मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला.

दादानं मायला मिठी मारली. तिनं त्याला दूर सारलं.

"परत," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं तो बार पुन्हा पुन्हा काढायला लावला. चाँदभाईची दारू संपली तेव्हा ती थांबली. शेवटच्या बाराला दादा पडला नाही, नुसता दचकला आणि सुटला. मास्तर टाळ्या वाजवायच्या ऐवजी स्वतःचीच मांडी बडवत होते. त्या संध्याकाळी मायला सणसणून ताप भरला. चुलीवर भाकरी मी थापल्या, आणि वाकड्यातिकड्या भाकरी दादानं मुकाट खाल्ल्या.

दादा दिल्लीला गेला. शर्यत कोणत्या दिवशी ते मास्तर सांगून गेले होते, पण वेळ काही सांगितली नव्हती. त्या दिवशी माय उठली ती उभीच. भाकरी तिनं उंच दगडाचा ओटा करून उभ्यानं थापल्या, खाल्ल्याही उभ्यानंच. बसायला सांगितलं की म्हणायची, "त्याचा बार कवा व्हईल काय ठावं? मी बसले आन् झाला म्हंजे?" मला ते वेडेपणाचं वाटलं. वेड्यासारखंच होतं ते. पण थोड्या वेळानं मीही बसेनाशी झाले. मेंढ्या बसल्या, कुत्रं झोपलं, आणि आम्ही मायलेकी रानात उभ्या.

पाटलांच्या ओसरीवर बॅटरीवरचा रेडिओ होता. बातम्यांच्या वेळेला मी तिथं पळाले. सगळं गाव जमलं होतं. दिल्लीच्या शर्यतींचं सांगताना बोलणाऱ्यानं पहिल्या तिघांची नावं घेतली आणि पुढच्या बातमीवर गेला. त्यात दादा नव्हता. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "आडवा झाला आसंल बे." कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. चाँदभाई मात्र उठून माझ्याबरोबर रानापर्यंत आला.

मायला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "पर उटला का न्हाई?"

ते कुठल्या रेडिओवर सांगणार? पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. पहिला आला नाही याचं आम्हाला काहीच नव्हतं. एवढ्या सगळ्या देशांच्या माणसांत तो आडवा पडला असेल, आणि पडून राहिला असेल, आणि लोक हसले असतील, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. माय स्वतःलाच दोष द्यायची. मीच शिकवलं, मीच लेकराची पाठ मोडली, म्हणायची. रस्त्यानं कुणी येताना दिसलं की तिची नजर तिकडे.

तो आला भर दुपारी, गेवराईला मोटारीतून उतरून पायी. नवा पांढरा बनियन, त्यावर देशाचं नाव. माय धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"उटलास?"

"उटलो."

सूप तिच्या हातातून सुटलं.

"पयल्याच फेरीत मागं पडलो माय," दादा तिच्यापुढं बसून सांगायला लागला. "बार झाला आन् सवयीनं म्होरं बगितलं. लई मानसं, पर तू न्हाईस. तवा खालीच चाललतो मी. मग म्हनलं, माय तिकडं उभी आसंल. म्हनून उटलो. तवर समदे म्होरं गेलते. पर लई पळलो गं. शेवटाला तिघांना मागं टाकलं. आन् भ्याव न्हाई वाटलं."

माय तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मग पदर काढला आणि मोकळ्या गळ्यानं रडली. "हुते रं," म्हणाली. "दिसभर उभी हुते."

दादाला पुढं तशी शर्यत कधी मिळाली नाही. तो पोलिसात लागला आणि त्याचा सगळा जन्म बंदुकीच्या शेजारी गेला. गोळीबाराच्या सरावात तो कधी हलला नाही, असं त्याच्या बरोबरचे सांगायचे. माय मात्र त्या काही दिवसांपुरतीच उभी राहिली होती. दादा दिल्लीहून परतल्यावर चाँदभाईचा पहिला बार झाला, आणि ती पुन्हा भुईवर. लेकाचं काम झालं होतं, तिला आता उभं राहायचं कारण नव्हतं. शहरात आल्यावर दिवाळीत आम्ही तिला दारं लावून आतल्या खोलीत ठेवायचो.

दादाच्या मुलीचं लग्न बीडला होतं. वरात मांडवाच्या दाराशी आली आणि कुणीतरी न सांगता फटाक्यांची लांबलचक माळ लावली. नऊवारी नेसून पुढच्या खुर्चीत बसलेली माय खुर्चीतून सरकून सतरंजीवर पालथी झाली. बायका ओरडल्या, म्हातारीला चक्कर आली, पाणी आणा, वारा घाला. दादा व्याह्यांना हार घालत होता. त्यानं हार तिथंच सोडला, गर्दीतून पळत आला, आणि त्याही वयात तो कसा पळाला ते पाहण्यासारखं होतं. त्यानं कुणाला काही समजावलं नाही. भरजरी फेट्यासकट तो तिच्या शेजारी पोटावर आडवा झाला आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावर धरले. सगळे व्याही बघत राहिले. मीही गुडघे टेकले आणि तिच्या दुसऱ्या अंगाला पडले.

"फटाके हायत, माय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "बंदूक न्हाई."

"ठावं हाय मला," माय म्हणाली. "तरी पडून ऱ्हा."